पाच मीटर गडगा

"गडगो घालूक शिकाक तू फ्रान्सात गेलंस?" तात्या फोनवर एवढं बोलला आणि खोकला येईपर्यंत हसत राहिला. "हय परड्यातलो गडगो दोन वर्सां पडान आसा, तो कोण घालतलो?"

गडगा म्हणजे चुना-सिमेंट न घालता नुसत्या दगडांनी रचलेली भिंत. तात्या माझा थोरला काका. कुडाळपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या आमच्या वाडीत राहतो. मी दक्षिण फ्रान्समधल्या आलेस शहरात. धंद्याने स्थापत्य अभियंता. शिक्षण काँक्रीटचं आणि पोटही काँक्रीटवरच. दगड म्हणजे माझ्या लेखी खडी करून मिक्सरमध्ये टाकायची वस्तू. तेव्हा तात्याचं हसणं रास्तच होतं. शिवाय मी विषय काढला तोच मुळी डाव्या हाताचं बोट ठेचल्याचं सांगताना.

झालं असं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं आजोळ लोझेर जिल्ह्यात, सेवेनच्या डोंगरात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. शे-दीडशे माणसांचं गाव, नाव सांगितलं की माणसंच सांगितल्यासारखी होतात. तिच्या आजीच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेखालची भिंत शरदातल्या पावसात पडली होती. "तू इंजिनियर आहेस, एकदा बघून जा," ती म्हणाली. मी रविवारी गेलो, टेपने मोजलं, फोटो काढले. पाच मीटर लांबीची, पुरुषभर उंचीची भिंत मातीसकट खाली घसरून दगडांचा ढीग झाला होता. वर पायवाटेचा निम्मा भाग हवेत लटकत होता.

या भागातला पाऊस हा एक स्वतंत्र प्रकार आहे. उन्हाळाभर तापलेल्या भूमध्य समुद्रावरून ओली हवा येते, या डोंगरांना धडकते आणि ढग एका जागी ठाण मांडून बसतो. फ्रेंचमध्ये त्याला नावच आहे, 'एपिसोद सेवनोल'. सप्टेंबर २००२ मध्ये आलेसजवळच्या आँद्यूझला चोवीस तासांत ६८७ मिलिमीटर पडला होता. इथले लोक हा आकडा दबक्या आवाजात सांगतात. मी २६ जुलै २००५ ला मुंबईत होतो, सांताक्रूझचे ९४४ अंगावर घेऊन चालत घरी गेलेला. त्यामुळे मला आकड्याची भीती वाटली नाही, पण उताराची वाटली. आमच्याकडे एवढं पाणी पडलं तर खाडी असते, शेत असतं, पसरायला जागा असते. इथे डोंगर थेट अरुंद दरीत उतरतो, आणि त्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी माती अडवून धरलेली. ती धरलीय कुणी? सिमेंटचा कणही नसलेल्या दगडी भिंतींनी.

ती पायवाट सार्वजनिक, म्हणजे भिंत कम्यूनची. कम्यून म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, पण शहरालाही तेच नाव आणि साठ माणसांच्या वस्तीलाही तेच. देशात अशी जवळजवळ ३५ हजार आहेत, आणि प्रत्येकीला निवडून आलेला सरपंच. त्याच्या कचेरीला 'मेरी' म्हणतात. या गावची मेरी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा दिवस उघडते. एकच लिपिक, आणि भिंतीवर मारिआनचा, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या बाईचा, अर्धपुतळा. आमच्याकडे ग्रामसेवक मंगळवारी भेटायचा, त्याची आठवण झाली.

मी माझ्या परीने रीतसर नकाशा करून नेला. आरसीसीची भिंत, पायाला टाच, पोलादाचं जाळं, पाणी काढायला मधे-मधे नळ्या. सरपंचबाई शेळ्या पाळतात. त्या दिवशी गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांतच आल्या. नकाशा उलटासुलटा करून त्यांनी पाहिला आणि विचारलं, "हे पाणी कुठून बाहेर पडणार?"

मी नळ्यांवर बोट ठेवलं.

"सहा?"

"सहा पुरतात."

"चिखलाने बुजल्यावर किती उरतील?"

याचं उत्तर कुठल्याच इंजिनियरकडे नसतं. काँक्रीटची धारक भिंत पडते ती बहुतेकदा मातीने नाही, मातीत साठलेल्या पाण्याने पडते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवतात आणि नोकरीला लागल्यावर आम्ही नकाशात नळ्या दाखवून मोकळे होतो. बाईंनी नकाशाची घडी घालून मला परत दिली आणि म्हणाल्या, "भिंत जशी होती तशीच बांधायची असं पंचांचं ठरलंय. एप्रिलमध्ये पाच दिवस. गवंडी येणार आहे, मजूर आपणच. तुमचं नाव लिहू का?"

विमा उतरवायचा म्हणून एक कागद भरून घेतला. 'पूर्वानुभव' या रकान्यात मी 'वीस वर्षं, बांधकाम' असं लिहिलं. त्याची लाज पुढे पाच दिवस वाटत राहिली.

त्याच दिवशी लिपिकाने कपाटातून जुना जमिनीचा नकाशा काढून दाखवला. नेपोलियनच्या १८०७ च्या कायद्याने देशभर मोजणी सुरू झाली, तिच्यातून आलेला. डोंगराच्या अंगावर केसासारख्या बारीक पट्ट्या आणि प्रत्येकीवर नंबर. या पट्टीला इथे 'फाइस' म्हणतात, काही दऱ्यांत 'बाँसेल'. आपल्याकडे कोकणात शेताच्या तुकड्याला कुणगा म्हणतात, तशी. काही पट्ट्या चार पावलं रुंद, काहींवर एकच झाड. मालक नीम शहरात, पॅरिसमध्ये, काही ठिकाणी मेलेले आणि वारस माहीत नाहीत. सातबाऱ्यावर छत्तीस नावं असलेली आमची वाडीची जमीन पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं.

लोझेर हा फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यांत कमी लोकसंख्येचा जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे जवळजवळ १ लाख ४५ हजार माणसं होती, आज त्याच्या निम्म्याच्या आसपास. आधी चेस्टनटवर पोट होतं. त्याच्या झाडाला इथे 'भाकरीचं झाड' म्हणायचे. १७०९ च्या हिवाळ्यात थंडीने ती झाडं मोठ्या प्रमाणात मेली आणि तुतीची लागवड वाढली, रेशीम आलं, पैसा आला, घरांवर कीड वाढवायचे मजले चढले. एकोणिसाव्या शतकात रेशमाच्या किड्यांना रोग लागला. तो शोधायला १८६५ मध्ये लुई पाश्चर आलेसला येऊन राहिले. माझ्या ऑफिसच्या वाटेवरच त्यांचा पुतळा आहे. रोगाचं कारण सापडलं, पण रेशमाचे दिवस परतले नाहीत. माणसं खाली खाणींत, कारखान्यांत उतरली. माणूस गेला की भिंतीकडे बघणारं कुणी राहत नाही, आणि इथला निम्मा डोंगर भिंतींचाच.

तर एप्रिल. आम्ही नऊ जण. एक निवृत्त शिक्षिका, एक पोस्टमन, मोंपेलियेची दोन विद्यार्थी मुलं, कम्यूनचा एकमेव कामगार, माझी मैत्रीण, तिचा मामा, सरपंचबाई (दूध काढून झाल्यावर) आणि मी. गवंडी पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. इथून जवळच, वाँतालों-आँ-सेवेन या कम्यूनमधल्या लेस्पिनास वाडीत अशा कोरड्या दगडकामाच्या गवंड्यांच्या संघटनेचं घर आहे. प्रशिक्षण तिथे चालतं, आमचा गवंडीही तिथेच तयार झालेला.

पहिल्या दिवशी एकही दगड लागला नाही. ढीग निवडायचा. पायाचे मोठे धोंडे एकीकडे. दर्शनी बाजूला शोभेलसा एक तरी चेहरा असलेले दुसरीकडे. भिंतीत आतपर्यंत शिरतील असे लांबट, ज्यांना ते 'बूतिस' म्हणतात, ते वेगळे. माथ्यावर बसवायचे जड आणि सपाट सगळ्यांत लांब, कारण ते शेवटी लागणार. आणि मुठीएवढ्यांचा डोंगर पोटात भरायला. माती वेगळी. मुळं वेगळी. मला वाटलं तासाभराचं काम. संध्याकाळी सहाला पाठ सरळ होत नव्हती आणि पडलेल्या भिंतीच्या जागी दगडांची मंडई भरली होती.

निवडताना जनावर निघेल म्हणून मी सवयीने दगड आपल्या बाजूने नाही, पलीकडच्या बाजूने उचलत होतो. लहानपणी आजोबांनी कानफटात मारून शिकवलेलं: गडग्यात हात घालायचा नाही, दगड अंगाकडे उघडायचा नाही. गवंड्याने ते पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तुमच्याकडे साप?" म्हटलं फुरसं, नाग, मण्यार, काय पाहिजे ते. तो खूश झाला. आमच्या ढिगातून निघालं ते असं: पेराएवढा काळा विंचू, तीन पाली आणि पिवळ्याधमक ठिपक्यांचा एक काळा सॅलमँडर, जो शिक्षिकाबाईंनी ओल्या पानात धरून ओढ्याकडे नेला.

दुसऱ्या दिवशी पाया. घट्ट जमीन लागेपर्यंत खणायचं आणि तळ सपाट करायचा नाही, डोंगराच्या बाजूला उतरता ठेवायचा, म्हणजे भिंत पहिल्या दगडापासून डोंगरावर रेलते. मग दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्यांच्या चौकटी उभ्या केल्या, त्याही मागे कललेल्या. इथे माझ्या फ्रेंचने घात केला. गवंडी म्हणाला, "भिंतीला पंधरा टक्के फ्रुई द्यायचं." फ्रुई म्हणजे मला माहीत असलेलं फळ. मी बावळटासारखा विचारलं, "कुठलं?" पोस्टमन खाली बसून हसला. फ्रुई म्हणजे भिंतीचा मागचा कल; मीटरभर वर गेलं की पंधरा सेंटिमीटर आत. मला ही गोष्ट दोन भाषांत येत होती, मराठीत ढाळ आणि इंग्रजीत बॅटर, आणि तिसरीत मी फळं विचारत होतो. त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत मला जेवणात दोन सफरचंदं जास्त मिळाली.

चौकटींना सुतळी ताणली. दगड सुतळीला टेकवायचा नाही, बोटभर आत ठेवायचा. एकाने टेकवला की सुतळी सरकते, मग पुढचा सरकतो आणि भिंतीला पोट येतं. हा शब्द ऐकून मी चमकलो. फ्रेंचमध्येही भिंतीला पोटच येतं. इथल्या लोकांना ते आल्याचं वाईट वाटत नाही. कोरडी भिंत एकदम पडत नाही. आधी फुगते, महिनोन्महिने, काही वेळा वर्षंही. बघणारा असेल तर तेवढी पाडून पुन्हा घालतो. आमची ही भिंत पाच-सहा वर्षं फुगून होती म्हणे. आजी सांगत होती. ऐकणाऱ्यांना दिसत नव्हतं.

पायाचा चौथा धोंडा आम्ही दोघं पहारीने सरकवत होतो. मी पहार सोडून हाताने नेम धरायला गेलो. हातमोजे मागच्या खिशात होते, कारण मोज्यांतून दगड कळत नाही असं माझं एका दिवसाच्या अनुभवाचं मत झालं होतं. धोंडा बसला, माझ्या मधल्या बोटासकट. शिक्षिकाबाईंनी थंड पाण्यात हात बुडवला, पट्टी बांधली. गवंड्याने एवढंच विचारलं, "दगड हलतोय का?" मी म्हटलं नाही. "मग बरं बसवलास."

खरं काम तिसऱ्या दिवसापासून. नियम ऐकायला चार-पाचच. दगडाची लांब बाजू समोर दाखवायची नाही, ती भिंतीच्या आत जाऊ द्यायची. माझ्या मनाला हे पटेना. हातात सुबक लांब पाटा आला की तो समोर आडवा लावावा, मोठी जागा भरते, दिसतोही छान. गवंडी न बोलता येऊन तो काढायचा, नव्वद अंशात फिरवून लावायचा; समोर दिसायला वीतभर तुकडा, बाकीचा हातभर आत. दर्शनी भिंत म्हणजे दगडांच्या डोक्यांची रांग. शरीरं सगळी अंधारात.

दुसरा नियम सांधेमोड. खालच्या दोन दगडांचा सांधा वरच्या दगडाने झाकायचा. सांध्यावर सांधा, त्यावर पुन्हा सांधा आला की उभी रेघ तयार होते, तिला ते 'कू द साब्र', तलवारीचा वार, म्हणतात. तिथून भिंत उघडते. वीटकामात हेच आहे, पण वीट एकसारखी असते. इथे प्रत्येक दगड आपल्या मापाचा आणि आपल्या तऱ्हेचा.

तिसरा नियम चिपांचा. दगड डुगडुगला तर खाली चिप मारायची, पण मागून. समोरून मारलेली चिप दिसायला घट्ट, पहिल्या हिवाळ्यात गळून पडते. मला समोरून मारायचीच सवय लागली, कारण समोर उभा होतो. मग भिंतीवर चढून, पोटावर पडून, मागे हात घालून चिपा. दगड बसला की त्यावर उभं राहायचं आणि वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकायचं. हलणारा दगड बोलतो. टक् असा बारीक आवाज येतो. दोन दिवसांनी मला तो आवाज दुसऱ्याच्या पायाखालचाही ऐकू यायला लागला. इथला दगड शिस्ट आहे, पापुद्र्यांचा, अभ्रकाने चकाकणारा. चांगला असेल तर हातोडीखाली भांड्यासारखा वाजतो, कुजलेला असेल तर भद्द. पापुद्रे आडवेच राहतील असा लावायचा; उभा लावला तर ओल आणि थंडी त्याची पानं उलगडते.

आणि पोट भरायचं. आतली भर ही माझ्या दृष्टीने घमेल्याने ओतायची बाब होती. मी एक घमेलं ओतलंही. गवंड्याने काम थांबवलं. सगळं बाहेर काढायला लावलं आणि एकेक मुठीएवढा दगड हाताने, त्याच्या शेजाऱ्याला टेकवून, ठेवायला लावला. ओतलेली भर खाली बसते आणि बसताना भिंतीला पुढे ढकलते. शिवाय पाणी याच भरीतून वाहतं. तिच्यात माती गेली की ही भिंतही माझ्या सहा नळ्यांसारखीच. ते घमेलंभर दगड पुन्हा लावायला मला पाऊण तास लागला. कुणी मदतीला आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

चांगला गवंडी दिवसाला चौरस मीटर-दोन चौरस मीटर दर्शनी भिंत घालतो, त्यापेक्षा जास्त नाही, आणि तेवढ्याला टनभर किंवा जास्तच दगड हाताळावा लागतो. म्हणून हे काम महाग. दगड फुकट, जागेवर पडलेला. पैसे सगळे मजुरीचे. डांबर-काँक्रीटच्या अंदाजपत्रकाशेजारी हे ठेवलं की छोट्या कम्यूनचा धीर सुटतो. इथे उपयोगी पडते ती १९९६ च्या कायद्याने उभी राहिलेली वारसा-निधीची संस्था, 'फोंदासियों द्यू पात्रिमुआन'. राजवाडे आणि चर्चं यांच्यासाठी सरकारची यादी आहेच. ही संस्था मुख्यतः यादीत नसलेल्यांसाठी, म्हणजे गावची धुण्याची कुंडं, भाकरीच्या सामाईक भट्ट्या, छोटी प्रार्थनाघरं. गावाने वर्गणी काढली तर तिला हातभार लावते. आमची भिंत तेवढ्यालाही लहान होती. गवंड्याची मजुरी पंचायतीने दिली, सूप सरपंचबाईंनी.

त्या सूपाला 'बजाना' म्हणतात. वाळवलेल्या चेस्टनटचं, दुधातलं, किंचित गोड, किंचित धुरकट. धुराची चव येते ती 'क्लेद'मधून. क्लेद म्हणजे दोन मजली दगडी खोपटं; खाली लाकडाच्या ओंडक्यांची धुमसती आग, ज्वाळा होऊ द्यायची नाही, आणि वर फळ्यांच्या फटीफटींच्या माळ्यावर चेस्टनट पसरलेले, तीन-चार आठवडे. परड्यात सुपारी-खोबऱ्याची वाळवणं राखत वाढलेल्या माणसाला हे खोपटं पाहताक्षणी आपलं वाटलं. मैत्रिणीच्या मामाने मला चेस्टनटचं पीठ दिलं. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याचे घावणे करायला गेलो. पहिले चार तव्याला चिकटून शिऱ्यासारखे झाले. निम्मं तांदळाचं पीठ घातल्यावर जमले. पोस्टमनने सात खाल्ले.

जेवायला आम्ही घरामागच्या फाइसवर बसायचो. तिथे दोन सरूची झाडं आणि त्यांच्यामध्ये न कोरलेले दोन दगड उभे. मी त्यांतल्या एकावर डबा ठेवणार होतो, मामाने हात धरला. त्या कबरी होत्या. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेली मोकळीक काढून घेतली. हे डोंगर प्रोटेस्टंटांचे. त्यांना कॅथलिक दफनभूमीत जागा नाही, म्हणून ते आपल्याच शेतात, भिंतीच्या आडोशाला माणसं पुरू लागले. जुलै १७०२ मध्ये इथून डोंगरापलीकडच्या पों-द-मोंव्हेरला एका पाद्र्याचा खून होऊन बंड पेटलं. शेतकरी, लोकर पिंजणारे, मेंढपाळ, विशी-पंचविशीतली पोरं राजाच्या फौजेशी दोन वर्षं लढली. आपल्याला गनिमी काव्याचं शिकवायला नको. या पायऱ्यापायऱ्यांचा, झाडीचा डोंगर बघितला की फौजेची काय दशा झाली असेल ते कळतं. या कबरींना पाटी नाही. गाववाल्यांना माहीत, बाकी कुणाला नाही.

अशा गोष्टींना 'वारसा' म्हणायचं का, यावर जेवताना वाद झाला. युनेस्कोने २०११ मध्ये 'कोस' (इथली चुनखडीची पठारं) आणि सेवेनचा पशुपालकांचा प्रदेश जागतिक वारसा यादीत घेतला, तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. २०१८ मध्ये कोरड्या दगडकामाची कला वेगळ्या यादीत आली, आठ देशांच्या नावाने. शिक्षिकाबाईंना त्याचा अभिमान. मोंपेलियेच्या मुलाचं म्हणणं, यादीत आलं म्हणजे मरायला टेकलं. गवंडी चीज खात होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "यादी आल्यापासून फोन जास्त येतात. शिकायला माणसं येतात. मला चालेल." मी मनात आमच्या वाडीच्या पाखाडीचा विचार करत होतो. दगडी फरसबंद पायवाटेला इथे 'कालाद' म्हणतात, जपून ठेवतात, दगड कडेवर उभे रोवून पुन्हा घालतात. आमची पाखाडी तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉकने झाकली गेली आणि झाकताना नारळ फोडायला मीच होतो, सुट्टीवर आलेला पाहुणा म्हणून.

अभियंता म्हणून एक नोंद करतो. माझी समजूत होती की अशा भिंतीची ताकद हिशेबात धरता येत नाही, म्हणून आम्ही ती धरत नाही. तर लियोंच्या अभियांत्रिकी संस्थांमधल्या संशोधकांनी गवंड्यांकडून खऱ्या मापाच्या भिंती बांधून घेतल्या, मागून पाण्याने भरलेल्या पिशवीने ढकलत नेल्या आणि कधी, कशा पडतात ते मोजलं. त्यावरून गणितं झाली, पुस्तिका निघाल्या. म्हणजे हिशेब होता; मी बघितला नव्हता. रात्री पट्टी बांधलेल्या बोटाने कॅल्क्युलेटर चालवून मी आमची भिंत तपासली. वजन, घर्षण, कल. पास झाली. गवंड्याला सांगितलं, तर त्याने सभ्यपणे "छान" म्हटलं.

पाचव्या दिवशी माथा. सगळ्यांत जड दगड सगळ्यांत वर, दोघा-तिघांनी मिळून, एकमेकांना घट्ट भिडवून. त्यांच्या वजनाने खालचं सगळं जागेवर राहतं, आणि शेळी, रानडुक्कर, पोरं वरून गेली तरी हलत नाही. पाचच्या सुमाराला शेवटचा दगड बसला. मागे माती भरली, पायवाट पुन्हा रुंद झाली. आजी काठी टेकत आली आणि न थांबता, न बघता त्यावरून चालत गेली. तिचं कोंबड्यांना बंद करायचं राहिलं होतं.

सप्टेंबरच्या शेवटी मोठा पाऊस आला. मी आलेसमध्ये रात्रभर जागा. सकाळी सरपंचबाईंचा व्हिडिओ आला, बारा सेकंदांचा: भिंत उभी, आणि सगळ्या सांध्यांतून पाणी वाहतंय, नळ नाही, नळी नाही, सबंध भिंतीलाच घाम फुटल्यासारखं. गढूळ नव्हतं. माती आत, पाणी बाहेर.

तो व्हिडिओ आणि भिंतीचा एक उन्हातला फोटो मी तात्याला पाठवला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला.

"उजवेकडे खालसून तिसऱ्या थरात बघलंस?"

"काय झाला?"

"सांध्यार सांधो बसलो हा. त्येच्यार आणि एक. तीन थर सरळ वर."

मी फोटो मोठा केला. उजवीकडे, खालून तिसरा, चौथा, पाचवा. रेघ होती. तो भाग मी घातलेला, घमेल्याच्या प्रकरणानंतर, घाईत. गवंड्याला फोटो पाठवून विचारलं. त्याचं उत्तर आलं: "दिसली होती. त्याच्यावर मी लांब दगड टाकला आहे, धरेल. वर्षातून एकदा बघून ये."

तात्याला हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, लांब दगड टाकला असेल तर माणूस जाणता आहे. मी म्हटलं, मे महिन्यात पंधरा दिवस येतोय, परड्यातला गडगा घालू. पहार आहे का?

"पहार आसा, घमेली आसत, सुतळी गावता. हातमोजे तुका व्हये तर तूच हाड."